वेग वाढवायचाय? आधी सावकाश पळा!

मुंबई मॅरेथॉनच्या सहाएक किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये दरवर्षी हजारो लोक उतरतात, त्यातले कितीतरी जण सामाजिक संस्थांसाठी निधी गोळा करतात. स्तनकर्करोगाबद्दल जागृती करणारी बायकांची ‘पिंकेथॉन’ 2012 मध्ये सुरू झाली. अशा पाच-सहा किलोमीटरच्या धावेत पहिल्या वर्षी शेवटपर्यंत पोचल्याचंच समाधान असतं. दुसऱ्या वर्षी घड्याळ खुणावू लागतं आणि चहूकडून सल्ले सुरू होतात. त्यातले नेहमीचे काही तपासून पाहू.

गैरसमज : अंतर कमी आहे, तेव्हा रोज जीव तोडून पळायला हवं.
वस्तुस्थिती : पाच किलोमीटरला हौशी धावकाला साधारण 25 ते 40 मिनिटं लागतात. या वेळात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी 90 टक्क्यांहून जास्त ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने तयार होते. म्हणजे कस लागतो तो दमाचा. हृदयाची ताकद, स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं, पेशींतली ऊर्जानिर्मिती हे सगळं सावकाश पळण्यातून वाढत जातं. म्हणून आठवड्यातलं बहुतेक धावणं सोबत्याशी सलग गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने करावं. रोज जोर लावणाऱ्याचे पाय थकलेलेच राहतात आणि नडगी दुखायला लागते ते वेगळंच.

गैरसमज : वेगाचा सराव फक्त ऑलिम्पिकवाल्यांसाठी.
वस्तुस्थिती : 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकणाऱ्या एमिल झाटोपेकच्या सरावाचा कणा 400 मीटरच्या फेऱ्या हाच होता. तो असंख्य फेऱ्या मारायचा, आपल्याला चार ते सहा पुरतात. दोन-तीन महिने नियमित धावून झालं की आठवड्यातून एकदा 400 मीटर जोरात पळायचं, 200 मीटर चालायचं, पुन्हा पळायचं. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात संपली, तर वेग बरोबर निवडला असं समजा.

गैरसमज : ढांगा लांब टाकल्या की वेग वाढतो.
वस्तुस्थिती : पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की दर वेळी ब्रेक लागतो आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. पाऊल शरीराच्या खाली पडू द्यावं आणि पावलं थोडी भरभर टाकावीत. मिनिटाला 180 पावलांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण तो प्रत्येकाला लागू पडत नाही. उंची आणि वेगानुसार तो बदलतो.

गैरसमज : दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे.
वस्तुस्थिती : जोरात पळताना तयार झालेलं लॅक्टेट तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं, त्यातलं बरंचसं शरीर इंधन म्हणूनच वापरतं. एक ते तीन दिवसांनी जाणवणारं दुखणं न सरावलेल्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असतं.

गैरसमज : आदल्या रात्री भरपूर भात-बटाटा खावा आणि शेवटच्या आठवड्यात सराव दुप्पट करावा.
वस्तुस्थिती : एवढ्या अंतराला पुरेल इतकं ग्लायकोजेन रोजच्या जेवणातून शरीरात साठलेलंच असतं. पोट जड झालं की उलट त्रासच होतो. कठीण सरावाचा फायदा दिसायला दहाएक दिवस लागतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातली मेहनत फक्त थकवा देते. त्या आठवड्यात धावणं निम्म्यावर आणावं.

गैरसमज : सुरुवातीलाच आघाडी घ्यावी, मग दमलं तरी चालेल.
वस्तुस्थिती : ढोल-ताशाच्या नादात पहिला किलोमीटर उधळून दिला की तिसऱ्यात त्याची किंमत मोजावी लागते. पाच किलोमीटरला 35 मिनिटांचं लक्ष्य असेल, तर किलोमीटरला सात मिनिटं पडतात. पहिला किलोमीटर त्याहून पाच-दहा सेकंद हळू धावावा आणि उरलेला जोर शेवटच्या किलोमीटरसाठी राखून ठेवावा.

हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबावं. संस्थेसाठी गोळा केलेला निधी तुमच्या वेळेवर अवलंबून नसतो.