कोठीघरातील ओल धरणारा कोबा

विदर्भ, मराठवाडा व देशावरील काळ्या जमिनीत बांधलेल्या कोठीघरांत एक तक्रार वारंवार आढळते. सिमेंटचा कोबा दोन-चार पावसाळ्यांतच तडकतो, मध्येच उचलला जातो आणि आषाढ-श्रावणात त्यावर ओल येते. त्यावर ठेवलेल्या युरियाच्या पोत्यांत ढेकळे होतात, भुईमुगाच्या शेंगांना बुरशी लागते आणि घरचे सोयाबीन बियाणे पेरणीपूर्वीच निकामी होते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते व त्यातील ओलावा १२ टक्क्यांहून अधिक चालत नाही. ओलसर कोब्यावर ही मर्यादा फार काळ टिकत नाही.

गवंड्याने सिमेंट कमी घातले म्हणून कोबा फुटला, असा पुष्कळांचा समज असतो. काही ठिकाणी तो खराही असतो. परंतु मूळ कारण बहुधा कोब्याखाली असते. काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळल्यावर आक्रसते. दरवर्षीच्या या हालचालीपुढे पातळ कोबा टिकत नाही. शिवाय या बारीक कणांच्या मातीतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तशी, खालची ओल वर चढते. म्हणून तडकलेल्या कोब्यावर सिमेंटचा आणखी एक थर चढविणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. खालच्या भेगा वर्षभरात वरच्या थरावर उमटतात.

ओल खालून येते की हवेतून, हे आधी ठरवावे. सुमारे एक मीटर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात व एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या अंगास पाणी सुटले तर ओल जमिनीची आहे. केवळ वरच्या अंगास दंव जमले तर दोष कोंदट हवेचा असून, वायुवीजन सुधारल्याने काम भागते. केसासारख्या बारीक भेगा असून कोबा कोरडा असेल, तर भेगा भरून घेणे पुरेसे आहे.

ओल जमिनीची ठरल्यास प्रथम बाहेरची बाजू पाहावी. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत असेल, तर आतील खर्च व्यर्थ जाईल. जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेली पक्की पट्टी करून पाणी चरीने दूर काढावे.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोठी रिकामी करून हाती घ्यावे. भिंतीचा पाया किती खोल आहे हे एका कोपऱ्यात खणून पाहावे. पायाच्या तळापर्यंत खणणे धोक्याचे असते. पाया पुरेसा खोल असल्यास जुना कोबा फोडून ६० सेंटिमीटरपर्यंत काळी माती काढून टाकावी. (ती शेतात पसरता येते.) तेथे १५ सेंटिमीटरचे दोन थर मुरमाचे द्यावेत. प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसाने चोपावा. चोपण्यात कसूर झाली तर कोबा पुढे खचतो, आणि कंत्राटी कामात नेमकी येथेच घाई होते. त्यावर १५ सेंटिमीटर दगडांचे सोलिंग करावे. जुन्या कोब्याचे तुकडे यात चालतात. मात्र खत सांडून ज्यांवर पांढरे क्षार फुटले आहेत ते वापरू नयेत. सोलिंगच्या फटी भरून वर ५ सेंटिमीटर वाळू पसरावी, म्हणजे दगडाच्या टोकांनी कागद फाटणार नाही.

या वाळूवर २५० मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा कागद अंथरावा. जोडावर किमान १५ सेंटिमीटर एकावर एक घ्यावा व भिंतीलगत नव्या कोब्याच्या उंचीपर्यंत वर वळवावा. सर्व खटाटोपात ओल अडविणारा हाच थर आहे. त्यावरून घमेली ओढू देऊ नयेत.

काँक्रीट १ भाग सिमेंट, २ भाग वाळू व ४ भाग खडी या प्रमाणात १० सेंटिमीटर जाड घालावे. ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब खोलीस सिमेंटची ५० किलोची सुमारे ८ पोती लागतात. एका पोत्यास २५ ते ३० लिटर पाणी पुरते. वाळू ओली असल्यास त्याहून कमी. मिश्रण सहज पसरावे म्हणून मजूर पाणी वाढवितात, त्याने काँक्रीट दुबळे होते. खोलीचे चार चौकोन पाडून एकाआड एक भरावेत आणि भिंतीलगत डांबरी कागदाची पट्टी ठेवावी, म्हणजे भिंत व कोबा परस्परांना ओढणार नाहीत. गुळगुळीतपणासाठी वर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची पद्धत सोडावी. तिने पृष्ठभागावर जाळीदार भेगा पडतात.

दुसऱ्या दिवसापासून निदान १० दिवस ओले गोणपाट घालून कोबा भिजत ठेवावा. त्यानंतर दारे-खिडक्या उघड्या ठेवून तो वाळू द्यावा. १० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट पुरते वाळण्यास तीन-चार महिने लागतात. वर कोरडे दिसले तरी प्लॅस्टिकच्या कागदाची चाचणी पुन्हा घेऊनच बियाणे आत न्यावे. तोवर ते घरात उंचावर ठेवणे बरे. नव्या कोब्यावरही पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत. सोयाबीनच्या थप्पीत सातांहून अधिक पोती नसावीत, आणि खताची पोती बियाण्याच्या खोलीत ठेवू नयेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी अशा कोठीतील बियाण्याची उगवण-चाचणी गोणपाटात १०० दाणे घालून शेतकऱ्यासमक्ष करावी.