कोंबडा अंगावर का येतो?
नवी मुंबईतील दिवाळे, करावे, घणसोली यांसारख्या गावठाणांत, म्हणजे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या वसाहतींनी वेढलेल्या मूळ आगरी-कोळी गावांत, घरांच्या दाटीमुळे कोंबडा आणि खेळणारी मुले यांच्यात अंतर उरत नाही. एक पंख खाली टाकून, मानेची पिसे फुलवून तो तिरका चालू लागला, की हल्ला जवळ आला असे समजावे. लाथ मारणे सर्वांत चुकीचे, कारण तिला प्रतिस्पर्ध्याचे आव्हान मानून तो अधिकच चवताळतो. इजा मुख्यतः पायामागील शिंगासारख्या अणकुचीदार नखाने होते. त्याच्या आत रक्त वाहणारे जिवंत हाड असल्याने केवळ टोकच कानशीने बोथट करावे. एका नरामागे आठ-दहा माद्या ठेवाव्यात. अशा तापट नराची झुंज लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.