समुद्री बगळा : भरती-ओहोटीच्या सीमेवरचा रहिवासी

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर गुजरातपासून दक्षिणेपर्यंत समुद्री बगळा आढळतो. पूर्व किनाऱ्यावर, तमिळनाडूतही, तो दिसतो; मात्र तुलनेने कमी. त्याचे शास्त्रीय नाव इग्रेटा गुलारिस असे आहे.

स्वरूप

या पक्ष्याची लांबी सुमारे ५५ ते ६५ सेंटिमीटर असते. एकाच जातीत काही पक्षी गडद राखी, तर काही शुभ्र असतात. हा फरक वयाचा वा लिंगाचा नसून आनुवंशिक आहे. राखी पक्ष्याचा गळा पांढरा असतो. शुभ्र पक्षी लहान बगळ्यासारखा भासतो. परंतु लहान बगळ्याची चोच काळी व सडपातळ असते, तर समुद्री बगळ्याची चोच जाड, किंचित बाकदार व पिवळसर-तपकिरी असते. विणीच्या काळात डोक्यामागे दोन लांब पिसे येतात.

अधिवास व आहार

खडकाळ किनारे, पुळणी, नदीमुखे, खाड्या व खारफुटीची वने हे त्याचे क्षेत्र होय. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यात तो पायाने पाणी ढवळून मासे व कोळंबी टिपतो. अंदमान-निकोबार बेटांवर त्याचा निकटचा आप्त, इग्रेटा सॅक्रा, वास्तव्य करतो. तोही राखी व शुभ्र अशा दोन्ही रूपांत आढळतो.

प्रजनन

हा पक्षी बहुधा इतर बगळ्यांसमवेत वसाहतीने घरटी बांधतो. खारफुटीवर वा अन्य झाडांवर काटक्यांचे घरटे करून मादी साधारणतः दोन ते चार फिकट निळसर-हिरवी अंडी घालते. अंडी उबविणे व पिलांना भरविणे ही कामे नर-मादी दोघेही करतात.

संवर्धन

जागतिक पातळीवर ही जात संकटग्रस्त नाही. तथापि अन्न चिखलपट्ट्यात आणि घरटे झाडावर, अशा दुहेरी गरजेमुळे यांपैकी एकच घटक राखून भागत नाही. खाडीत भराव पडला, तर झाडे उभी असूनही पिलांना अन्न मिळत नाही. खारफुटी तोडली, तर मासे असूनही घरट्याला जागा उरत नाही. या दृष्टीने पुढील निर्णय महत्त्वाचे ठरतात : २०१२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडी, चिखलपट्टा व खारफुटी ही एकच परिसंस्था मानून नियोजन केले, तरच अशा निर्णयांचा लाभ या पक्ष्यापर्यंत आणि खाडीवर उपजीविका करणाऱ्या मच्छीमारांपर्यंत पोहोचेल.