ताशी दोनशेला किती घोडे लागतात?

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथला जाणकार घोड्याची चाल बघतो, उंची बघतो, अंगावरच्या खुणा बघतो. ताकदीचा आकडा कोणी विचारत नाही. मोटारीच्या शोरूममध्ये मात्र ‘ॲव्हरेज’ विचारून झाले की पुढचा प्रश्न एचपीचा, म्हणजे अश्वशक्तीचाच असतो. ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर उचलायला लागणारी शक्ती म्हणजे आपल्याकडच्या माहितीपत्रकांतली एक अश्वशक्ती, सुमारे ७३५ वॉट. जेम्स वॅटने ठरवलेले मूळ माप किंचित मोठे, ७४६ वॉटचे. जिवंत घोडा दिवसभर काम करताना साधारण एवढीच शक्ती देतो, पण जीव तोडून धावताना काही सेकंद पंधराच्या आसपासही पोहोचतो, असे १९९३ साली शास्त्रज्ञांनी हिशोबाने दाखवले. इंजिनाचेही असेच आहे. माहितीपत्रकात छापलेला आकडा ही त्याची कमाल असते, तीही एका ठरावीक फेऱ्यांना मिळणारी. एचपी दुप्पट झाली की गाडी दुप्पट पळेल, असे मात्र बहुतेकांना मनातून वाटत असते, आणि गाडी घेताना हजारो रुपये त्या समजावर खर्च होतात. कागद-पेन्सिल घेऊन बसले तर हा समज टिकत नाही.

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी अडवतात, टायरचे घर्षण आणि हवा. माणसांसकट १२०० किलो भरणारी साधी हॅचबॅक घेऊ. चांगल्या डांबरी रस्त्यावर तिच्या टायरांचा विरोध वजनाच्या एक-सव्वा टक्का असतो आणि वेग वाढला तरी तो फारसा बदलत नाही. हवेचे तसे नाही. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, शिवाय त्या चौपट विरोधातून दर सेकंदाला दुप्पट अंतर कापायचे असते. म्हणजे हवेपुरती शक्ती थेट आठपट लागते. इंजिनापासून चाकापर्यंत साधारण आठवा हिस्सा गिअर आणि बेअरिंगमध्ये जातो, तोही धरला तर या गाडीला ताशी ६० किलोमीटरला ७ अश्वशक्ती पुरतात. ताशी १२०ला ३२ लागतात, १८०ला ९३, २००ला १२४ आणि २४०ला २०८. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २०० वरून २४० वर जायला जे ८४ घोडे जास्तीचे लागतात, तेवढ्यात हीच गाडी शून्यापासून ताशी १७० पर्यंत सहज जाते.

हे निव्वळ कागदावरचे गणित आहे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर जगातल्या एका अतिमहाग गाडीने दिले आहे. बुगाटी वेरॉनचे इंजिन १००१ अश्वशक्तीचे होते आणि २००५ साली ती ताशी ४०७ किलोमीटरवर पोहोचली. पुढे तिची सुपर स्पोर्ट आवृत्ती १२०० अश्वशक्तीची निघाली आणि २०१० मध्ये तिने ४३१ गाठले. वेग वाढला जेमतेम ६ टक्के, शक्ती लागली २० टक्के जास्त. ४३१ला ४०७ने भागा, येणाऱ्या संख्येचा घन करा आणि १००१ने गुणा. उत्तर ११८९ येते. मधल्या काळात बॉडीत आणि टायरांत सुधारणा झाल्या होत्या, तरी घनाचा नियम इतका जवळ जातो. ज्या कंपनीला पैशाची चिंता नव्हती, तिलाही ताशी २४ किलोमीटरसाठी दोनशे घोडे मोजावे लागले.

याच नियमाने कोणत्याही गाडीचा अंदाज घरबसल्या काढता येतो. एखाद्या गाडीची शक्ती आणि कमाल वेग माहीत असेल, तर हव्या त्या वेगाला या वेगाने भागायचे, त्याचा घन करायचा आणि शक्तीने गुणायचे. टायरांचा हिशोब वेगळा केलेला नसल्याने कमाल वेगाच्या वर उत्तर किंचित जास्त आणि खाली किंचित कमी येते, पण ताशी शंभरच्या वर ही चूक लहानच राहते. गाडीचा आकार हवेला नेमका किती अडवतो हे ठाऊक नसताना असा अंदाज कशाला, हा आक्षेपही रास्त आहे. पण घनाचा नियम इथे आपल्याच बाजूने उभा राहतो. शक्तीच्या अंदाजात १० टक्के चूक झाली, तरी वेगाच्या उत्तरात ती ३ टक्क्यांवर येते.

आकाराचा परिणाम बघायचा असेल तर धडगाव-मोलगीकडे माणसे आणि ओझी वाहणारी चौकोनी जीप बघावी. तिथल्या बोलेरोचे डिझेल इंजिन ७६ अश्वशक्तीचे. सरळ उभी काच, उंच छत, टपावर कॅरिअर आणि त्यावर बांधलेली पोती असा सगळा पसारा हवेत ढकलायला छोट्या हॅचबॅकच्या जवळपास दुप्पट जोर लागतो. सात माणसे धरून ताशी १२०ला तिला अंदाजे ५८ अश्वशक्ती लागतील, आणि १३०च्या पुढे ती थांबेलच. कॅरिअर रिकामे असताना काढून ठेवले, तर इंजिनाला हात न लावता काही घोडे फुकट मिळतात. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोक मनावर घेतात, याचे वाईट वाटते.

केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारीला द्रुतगती मार्गावर ताशी १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर बहुतेक रस्त्यांवर ७० ही कमाल मर्यादा आहे. समृद्धी महामार्गावरही १२०च. म्हणजे कायद्यात राहून लागणारी सर्वांत मोठी शक्ती त्या हॅचबॅकला ३२ अश्वशक्तीच. मग ८०-९० घोड्यांची गाडी घ्यायचीच कशाला? या प्रश्नात दम आहे. ऊसतोडीच्या हंगामात शहाद्याच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असला की उत्तर मिळते. १२०० किलोची गाडी ८ सेकंदांत ६० वरून १०० वर न्यायची, तर नुसता वेग वाढवायला ५० अश्वशक्ती खर्ची पडतात. हवा, टायर आणि गिअर धरून सत्तर. १२ सेकंद घेतले तर पन्नासात भागते. राखीव ताकद लागते ती इथे, आणि समोरून वाहन येत असताना उलट्या बाजूला घालवलेले ते चार सेकंद किती मोलाचे असतात हे वेगळे सांगायला नको. तरीही मागणी सत्तर-ऐंशीची निघते, दीडशेची नाही.

दुसरी खरी मागणी चढाची. कोंडाईबारीसारख्या घाटात शंभर मीटरला ६ मीटर चढ धरला, तर तीच हॅचबॅक ताशी ६०ने चढवायला २५ अश्वशक्ती लागतात, सपाटीवरच्या गरजेच्या साडेतीनपटीहून जास्त. तोरणमाळच्या सातपायरी घाटात आणखी एक अडचण येते. हजार मीटरच्या वर हवा साधारण दहा टक्के विरळ, म्हणून टर्बो नसलेले इंजिन तेवढीच शक्ती गमावते. कमाल एचपीचा आकडा इथे फसवा ठरतो. १० टक्के चढावर भरलेली बोलेरो ताशी २५ने न्यायला २६-२७ अश्वशक्ती लागतात. तिचे टर्बो डिझेल इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांनाच चोपन्न देते. जवळपास तेवढ्याच छापील शक्तीचे छोटे पेट्रोल इंजिन त्या फेऱ्यांना पंचविसाच्या आसपास देते, कारण त्याची कमाल सहा हजारांच्या जवळ असते. गाडी हलकी असल्याने तेवढ्यात ती चढते खरी, पण हाताशी फारसे काही उरत नाही. म्हणून पेट्रोल गाडीवाल्याला वळणाच्या आधीच गिअर खाली टाकून इंजिन तीन हजारांच्या पुढे फिरते ठेवावे लागते.