वीज गेल्यावर शीतकपाट : लोअर परळच्या एका खोलीचा हिशेब

मुंबई शहराला वीज जाण्याची सवय नाही. सह्याद्रीतील पाण्यावर खोपोली येथे निर्माण होणारी वीज १९१५ साली परळ भागातील कापडगिरण्यांपर्यंत पोहोचली. पुढे १९४७ मध्ये 'बेस्ट' उपक्रम महानगरपालिकेच्या मालकीचा झाला आणि शहर भागाच्या घरगुती वीजपुरवठ्याची धुरा त्याने आजतागायत वाहिली आहे. ग्रामीण भागात भारनियमनाचे दिवस होते तेव्हाही लोअर परळच्या चाळींत दिवे सहसा मालवले नाहीत. त्यामुळेच १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास महानगराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा घराघरांत पूर्वतयारी अशी काहीच नव्हती. काही भागांत पुरवठा पूर्ववत होण्यास कित्येक तास लागले.

अशा वेळी पंख्यावाचून माणूस कसाबसा निभावून नेतो. शीतकपाटाचे, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील फ्रिजचे, तसे नाही. ना. म. जोशी मार्गावरील बी.डी.डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्या खोलीतील फ्रिजमध्ये दूध आणि मासळी असतेच. पण घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर इन्सुलिनच्या कुप्याही असतात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. दूध नासले तर नुकसान काही रुपयांचे. इन्सुलिनचा गुण गेला तर ते कुपीकडे पाहून कळतेच असे नाही, रुग्णाच्या रक्तातील साखर वाढल्यावर कळते. म्हणून बॅटरीवर फ्रिज चालवता येईल काय, आणि किती वेळ, हा प्रश्न आता अनेक कुटुंबे विचारू लागली आहेत.

भूक लहान, पण अखंड

येतो, असे उत्तर आहे. मात्र त्याआधी हिशेब मांडला पाहिजे. सर्वसाधारण समजूत अशी की फ्रिजला फार वीज लागते. वस्तुतः एकदारी लहान फ्रिज चालू असताना शंभर वॅटच्या आसपासच वीज घेतो. अडचण वेगळी आहे. दिवा गरजेपुरता लावता येतो, फ्रिज मात्र रात्रंदिवस मधूनमधून चालूच राहतो. त्याची भूक वॅटमध्ये न मोजता चोवीस तासांच्या युनिटांत मोजावी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलावर वर्षाचा वापर युनिटांत छापलेला असतो. त्यास ३६५ ने भागले की रोजचा आकडा मिळतो. वर्षाला १८० युनिटे लिहिली असतील तर दिवसाला सुमारे अर्धे युनिट, म्हणजे ५०० वॅट-तास.

आता बॅटरीकडे वळू. घरगुती इन्व्हर्टरबरोबर मिळणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास वीज साठवते. ती पूर्ण रिकामी करणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे. निम्मी वापरावी, हा अनुभवाचा नियम. हाती राहिले ९०० वॅट-तास. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती प्रवाह करताना सुमारे १५ टक्के वीज इन्व्हर्टरमध्येच उष्णतेच्या रूपाने जाते. त्यामुळे फ्रिजला ५०० वॅट-तास पुरविण्यासाठी बॅटरीतून सुमारे ५९० काढावे लागतात. शिवाय इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठीही वीज खातो. तो खर्च १२ वॅट धरला तरी चोवीस तासांत २८८ वॅट-तास होतो. एकूण बेरीज ८७८. म्हणजे चांगल्या स्थितीतील एक बॅटरी, कमी वीज खाणारा एक लहान फ्रिज आणि एक दिवस, असे हे समीकरण आहे. त्याच बॅटरीवर रोज १.२ युनिटे खाणारा जुना, मोठा फ्रिज लावला तर बारा-तेरा तासांत बॅटरीची मर्यादा येते. दुसरी बॅटरी विकत घेण्यापूर्वी जुना फ्रिज बदलावा काय, याचा विचार अधिक किफायतशीर ठरतो तो यामुळे.

या हिशेबात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आरंभीचा धक्का. साध्या कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. इन्व्हर्टर तेवढा सोसणारा नसेल तर तो तेथेच मान टाकतो. चौकोनी तरंगाच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर घरघरते आणि तापते, म्हणून शुद्ध साइन तरंगाचाच इन्व्हर्टर घ्यावा. बदलत्या वेगाचा कॉम्प्रेसर असलेला फ्रिज सावकाश सुरू होतो. त्यास हा त्रास जवळजवळ नाही. एकदा बंद पडलेला कॉम्प्रेसर लगेच चालू न करता चार-पाच मिनिटे थांबावे, म्हणजे आतील दाब सम होतो.

परदेशांत फिरत्या घरांमध्ये, म्हणजे कॅरॅव्हॅनमध्ये, हाच प्रश्न रोजचा आहे. तेथे पूर्वी गॅसच्या ज्योतीवर चालणारे अमोनियाचे फ्रिज असत. स्वीडनमधील फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली लावलेला तो शोध. आता अनेकजण घरगुती फ्रिज बॅटरीवर चालवितात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यामुळे आपल्याकडेही हे गणित उपयोगी पडेल. त्यांच्याकडून घेण्याजोगा धडा एकच : गाडी सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि घर चालविण्याची वेगळी. पहिली क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी केलेली असते. ती तासन्‌तास पिळली तर थोड्याच महिन्यांत निकामी होते. फ्रिजसाठी ट्युब्युलर किंवा लिथियम जातीचीच बॅटरी हवी.

महाराष्ट्रातही या दिशेने एक प्रयत्न होऊन गेला. गोदरेज कंपनीने कॉम्प्रेसर नसलेला, १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा, आठ किलोहूनही हलका 'छोटूकूल' तयार केला आणि २००८ साली तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील महिलांपुढे तो मांडला. कल्पना उत्तम होती. मात्र त्यात बर्फ होत नसे, आणि अपेक्षेप्रमाणे तो खेडोपाडी पसरला नाही.

थंडी साठवावी

बर्फाचा उल्लेख सहज केलेला नाही. वीज साठविण्यापेक्षा थंडी साठविणे पुष्कळदा स्वस्त पडते. लसीकरणासाठी आरोग्य केंद्रांत वापरले जाणारे बर्फवेष्टित शीतकपाट याच तत्त्वावर चालते. दिवसाकाठी आठ तास वीज मिळाली तरी आतील लस सुरक्षित राहते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. घरच्या बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या पाच बाटल्या, वर थोडी जागा सोडून, गोठवून ठेवल्या तर दार न उघडता लहान फ्रिजची साधारण अर्ध्या दिवसाची बेगमी होते, आणि तीही बॅटरीवाचून. दुदारी फ्रिजमध्ये ही थंडी पंख्याने खाली येत असते. वीज नसताना पंखा बंद, म्हणून त्या बाटल्या हाताने खालच्या कप्प्यात आणून ठेवाव्यात.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. इन्सुलिन बर्फाला कधीही चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही निरुपयोगीच. ते टाकून द्यावे लागते. कुप्या कापडात गुंडाळून, बर्फापासून दूर ठेवाव्यात. केवळ दोन-चार कुप्यांचाच प्रश्न असेल तर रुंद तोंडाचा थर्मास पुरतो, त्यासाठी अख्खा फ्रिज जागता ठेवण्याचे कारण नाही. ओल्या वाळूतील मातीच्या मडक्याचा उपाय विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला चालतो, परंतु मुंबईच्या दमट पावसाळी हवेत बाष्पीभवनच मंद असल्याने त्याचा भरवसा धरू नये.

जागा, पाणी आणि सूर्य

१६० चौरस फुटांत बॅटरी ठेवायची कोठे, हा प्रश्न हिशेबाइतकाच खरा आहे. आम्लाने भरलेली १५० अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास किलोहून जड असते. तिला पोटमाळ्यावर चढवू नये. भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बंद कपाट, गॅसची शेगडी आणि देव्हाऱ्यातील समई यांपासून ती लांब, खिडकीजवळ असावी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ती उंच घडवंचीवर ठेवावी. परळ परिसरात पावसाचे पाणी घरात शिरते ते काही विचारून नव्हे.

नव्या इमारतींच्या गच्चीवर सौर पट्ट्या बसविण्यास २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेखाली अर्थसाहाय्य मिळते, गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठीही मिळते. अनेकांचा मात्र असा गैरसमज असतो की छतावर सौर संच आहे म्हणजे वीज गेली तरी फ्रिज चालेल. वीजवाहिनीशी जोडलेला साधा सौर संच पुरवठा खंडित होताच स्वतः बंद होतो. वाहिनी दुरुस्त करणाऱ्या कामगाराला उलट दिशेने येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ती व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. अंधारातही वीज हवी असेल तर बॅटरीसह चालणारा संकरित इन्व्हर्टर घ्यावा लागतो. करारपत्रावर सही करण्यापूर्वी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी हे विचारून घ्यावे. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत सौर पट्टीची वीज निम्म्याहूनही खाली येऊ शकते, तेही लक्षात ठेवावे. आणि कामातून गेलेली बॅटरी भंगारवाल्याच्या हाती न देता विक्रेत्याकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे.