दिवसाच्या तीन मेखा

मन राखताना : लेखांक ६

काळजी शरीरात कुठे कुठे उतरते ते आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. मान आखडते, पोट बिघडतं, झोप उडते. आता पुढचा प्रश्न. जे घडायचं ते आपल्या हातात नसेल, तर मधले दिवस काढायचे कसे?

हा प्रश्न मला डिसेंबरात सिमरोलला भेटला. इंदूरहून खंडवा रोडने निघालं की घाट लागण्याआधी हे गाव येतं. तिथे आयआयटीचा परिसर आहे आणि माझा भाचा तिथे शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीच्या मुलाखतींचा हंगाम चालू होता. रविवारी दुपारी डबा घेऊन गेले, तर पठ्ठ्या नुकताच उठलेला. डोळे तांबारलेले, हातात थालीपीठ, नजर फोनवर. म्हणाला, "निकालाचा मेल रात्री कधीही येतो गं मावशी, झोपून कसं चालेल?" एका कंपनीने नकार कळवला होता, तो त्याने पचवला होता. दोन ठिकाणांहून काहीच कळलं नव्हतं, ते त्याला कुरतडत होतं.

असं होणारा तो एकटा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दिसणाऱ्या दगडाखाली साप आहे का, ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला, तेव्हा झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना तो कमी होता. बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना तो सर्वांत जास्त होता. वाईट बातमीपेक्षा बातमीची वाट जड जाते, ती अशी.

अशा वेळी दिवसातल्या काही गोष्टी तरी पक्क्या असाव्या लागतात. आपल्या पेशींमध्ये एक घड्याळ चालतं. ते कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. सकाळचा उजेड, जेवणाची वेळ, हालचाल यांवर हे घड्याळ लावून घेतलं जातं. रात्रभर जागून दुपारी उठलं की ते भरकटतं. मग झोप विस्कटते, आणि झोप विस्कटली की साधी गोष्टही डोंगराएवढी वाटते.

आपल्या माळव्यात पक्क्या दिनक्रमाचं मोठं उदाहरण आहे. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले. आधार असलेले सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. जॉन माल्कमने माळव्यात माहिती गोळा करून १८२३ मध्ये जो ग्रंथ छापला, त्यात बाईंचा दिनक्रम दिला आहे. पहाटेआधी उठणं, पूजा, ग्रंथश्रवण, दानधर्म, साधं जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, संध्याकाळी पुन्हा पूजा, रात्री नऊ ते अकरा पुन्हा कारभार. वेळापत्रकाने दुःख पुसलं जात नाही. पण उद्या उठून काय करायचं हे ठरलेलं असलं, की दुःखासकट चालता येतं.

वाऱ्यात तंबू टिकतो तो मेखांवर. भाच्याशी बोलून आम्ही तीनच मेखा ठरवल्या. झोप कशीही झाली तरी सकाळी सातला उठायचं आणि बाहेर उजेडात यायचं. नाश्ता मेसमध्ये, कोणाबरोबर तरी बसून करायचा. रात्री अकराला फोन टेबलावर ठेवायचा, उशाशी नाही. पहाटे तीनला वाचलेला मेल सकाळी सातला वाचला, तर त्यातलं एक अक्षरही बदलत नाही.

तुम्हीही तीनच ठरवा. दहा ठरवल्या तर चौथ्या दिवशी सगळ्याच सुटतील. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोका, स्वतःला बोल लावत बसू नका. मात्र दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत बोलता येतं.

चार दिवसांनी भाच्याचा निरोप आला : "सातला उठलो. मेल नाही आला. पोहे खाल्ले, तिघं होतो."

(पुढच्या आठवड्यात : धीर देताना काय बोलावं, कधी गप्प बसावं)