बारा आठवड्यांत मावेल एवढा प्रश्न

मे महिन्यात कॅनडातल्या विद्यापीठांचे वर्ग रिकामे होतात आणि प्रयोगशाळांत नवे चेहरे दिसू लागतात. भारत, ब्राझील, मेक्सिको, जर्मनी अशा देशांतले पदवीचे विद्यार्थी ‘मायटॅक्स’ या संस्थेच्या ‘ग्लोबलिंक’ योजनेतून १२ आठवड्यांच्या संशोधन उमेदवारीसाठी येतात. २००९ मध्ये योजनेची सुरुवात भारतीय विद्यार्थ्यांपासूनच झाली होती.

विद्यार्थ्यासाठी ही निवड, व्हिसा आणि विमानाची गोष्ट. प्राध्यापकाची गोष्ट मात्र जवळपास वर्षभर आधी सुरू होते. कोण येणार हे ठाऊक नसताना विषय लिहून द्यावा लागतो. प्रश्न फार मोठा निवडला तर विद्यार्थी हात हलवत परततो; फार छोटा निवडला तर तीन महिने बाटल्या धुण्यात जातात.

समजा, कर्करोगाच्या पेशींवर एखाद्या औषधाचा परिणाम तपासायचा आहे. सुरुवातीचे दिवस रसायने आणि जैविक कचरा कसा हाताळायचा, हे शिकण्यात जातात. त्याशिवाय कामाला हात लावू देत नाहीत. मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या पेशी ३७ अंशांवर वाढवायच्या. त्या नीट वाढू लागेपर्यंत आणखी एक-दोन आठवडे. एकच प्रयोग निदान तीन वेळा करून निष्कर्ष जुळला, तरच तो धरायचा. मध्येच फ्लास्कमध्ये बुरशी शिरली, की सगळे फेकून पुन्हा पहिल्यापासून. हिशेब केला तर हाती उरतात सहा-सात आठवडे. म्हणून अनुभवी प्राध्यापक संगणकावरचे एखादे कामही जोडीला देतात. पेशी रुसल्या तरी जुन्या नोंदींचे विश्लेषण थांबत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळीच असते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच माहीत असते आणि जर्नलमध्ये ‘रीडिंग’ जुळवायची सवय लागलेली असते. इथे न जुळलेले रीडिंगच आधी दाखवायचे असते. ते संकोचाने आठवडाभर दडवले, तर बारातला एक आठवडा बुडाला. ‘सर’ न म्हणता प्राध्यापकांना नावाने हाक मारणे ज्यांना जड जाते, त्यांना ‘माझा प्रयोग फसला’ हे सांगणे त्याहून जड जाते. त्यामुळे नुसते ‘काही अडले तर ये’ म्हणणे पुरत नाही. ठरलेल्या दिवशी वही उघडून बसावे लागते.

रोजचे शिकवणे मात्र बहुतेकदा पीएच.डी. करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. पिपेट धरायला शिकवण्यापासून चुकलेली आकडेमोड शोधण्यापर्यंत सगळे तोच पाहतो, आणि तेवढे दिवस त्याचे स्वतःचे प्रयोग रखडतात. पाहुण्याला घ्यायचे ठरवताना त्याला कोणी विचारलेले असतेच असे नाही.

शेवटच्या आठवड्यात फ्रीजरमधल्या प्रत्येक नळीवर तारीख, पेशींचे नाव आणि औषधाची मात्रा लिहायची असते. वही प्रयोगशाळेतच राहते. फसलेल्या प्रयोगांची पानेही तिच्यात तशीच असतात, खाडाखोडीसकट. पुढच्या माणसाला तिथूनच काम सुरू करायचे असते.